तिसऱ्या माणसाचा कान

१९७९ साली टीॲक या जपानी कंपनीनं ‘पोर्टास्टुडिओ १४४’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. साध्या ऑडिओ कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करायचे आणि त्याच यंत्रावर त्यांचा मेळ घालायचा, अशी सोय त्यात होती. तोवर या कामासाठी बहुतेकांना स्टुडिओचं भाडं भरावं लागे. आता ते घरातल्या टेबलावर होऊ लागलं. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या घरात याच यंत्राला दोन माइक जोडून ‘नेब्रास्का’ची गाणी रेकॉर्ड केली. गोव्यात शिवोलीला रेमो फर्नांडिस यांनी राहत्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ तयार केला, त्यातली वाद्यंही स्वतःच वाजवली आणि १९८४ मध्ये त्याच्या कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. आज एक लॅपटॉप, दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस आणि ‘ऑडॅसिटी’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर डोंबिवलीतल्या वन-बीएचकेमध्ये चार जणांचा बँड आपलं गाणं रेकॉर्ड करू शकतो आणि करतोही.

यंत्रं घरी आली. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेला माणूस मात्र घरी आला नाही. तो वाजवत नव्हता, म्हणून त्याला ऐकता यायचं. गिटारवाल्याचं लक्ष स्वतःच्या बोटांवर, गायिकेचं पुढच्या ओळीवर, ड्रमरचं क्लिकवर. सगळ्यांचं मिळून काय होतंय हे एकट्या त्या माणसाला कळायचं. मोठी माणसंही हा कान सोडत नाहीत. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसच्या घरात, भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याचं मिक्सिंग रॉब किनेल्स्की या वेगळ्या माणसानं केलं, हे फारसं कुणी सांगत नाही. हौशी बँडला असा माणूस परवडत नाही. म्हणून तो गाणं मित्राला पाठवतो, ‘ऐक रे एकदा, आणि खरं खरं सांग.’ हे प्रकरण त्या मित्रासाठी आहे.

त्याचं उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. ‘भारी झालंय!’ किंवा ‘छान आहे, फक्त मिक्स जरा सुधारा.’ पहिल्यानं बँडला बरं वाटतं, दुसऱ्यानं जरा खट्टू व्हायला होतं, पण येत्या रविवारी चौघं जमल्यावर नेमकं काय करायचं हे दोन्हींतून कळत नाही. अभिप्रायाची कसोटी माझ्या मते एवढीच आहे: तो वाचून रविवारचं काम ठरलं पाहिजे.

सप्टेंबर १९६२ मध्ये बीटल्सनी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ‘प्लीज प्लीज मी’ हे आपलं गाणं निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ऐकवलं. जॉन लेनननं ते रॉय ऑर्बिसनच्या धाटणीत, संथ लयीत रचलं होतं. मार्टिन यांना ते रटाळ वाटलं. लय वाढवून बघा, असं त्यांनी सुचवलं. २६ नोव्हेंबरला ते चढ्या लयीत रेकॉर्ड झालं, जानेवारी १९६३ मध्ये बाजारात आलं आणि ब्रिटनमधल्या बहुतेक लोकप्रिय याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्टिन यांच्या त्या सूचनेकडे जरा बारकाईनं बघा. गिटारच्या टोनबद्दल त्यात काही नव्हतं, माइकबद्दल नव्हतं. दोष गाण्याच्या लयीत होता, तिथेच त्यांनी बोट ठेवलं. आणि सांगितलेलं काम त्या चार पोरांना नवं काही विकत न घेता, स्वतःच्या हातांनी करता येण्यासारखं होतं.

डोंबिवलीच्या त्या बँडचंच उदाहरण पुढे चालवू. एक गायिका, एक गिटारवाला, एक बेसवाला, एक ड्रमर. गाणं मराठी, त्यांचं स्वतःचं. ड्रम्स एका जॅमपॅडमध्ये तासाचं भाडं देऊन वाजवले, बाकी सगळं घरी. ड्रमरला बंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला. आता हे गाणं तुमच्याकडे आलंय. ऐकण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. हे कशासाठी आहे? तालमीत आठवण राहावी म्हणून केलेलं कच्चं रेकॉर्डिंग, कॉलेज फेस्टिव्हलच्या निवडीसाठी पाठवायचा डेमो की स्पॉटिफायवर टाकायचं पक्कं गाणं? आणि दुसरं, अजून काय बदलता येण्यासारखं आहे? ड्रमर बंगळुरूला असताना ‘ड्रम्स पुन्हा वाजवा’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर असला तरी वाया जातो. गायिका मात्र त्याच इमारतीत राहते, तिचा आवाज उद्या पुन्हा घेता येईल. तुमची शक्ती तिथे खर्च करा. आणखी एक विचारता आलं तर उत्तम: तुम्हाला हे कुणाच्या गाण्यांच्या जवळ जायला हवंय? गिटारचा फाटका आवाज त्यांनी हौसेनं तसा ठेवलेला असेल, तर तो दोष म्हणून दाखवण्यात तुमचाही वेळ जातो आणि त्यांचाही.

मग पहिल्यांदा ऐका. हे पहिलं ऐकणं फार मोलाचं आहे, कारण बँडमधल्या कुणालाही ते आता मिळणार नाही. त्यांनी गाणं इतक्या वेळा ऐकलंय की शब्द पाठ झालेत. गायिकेचा आवाज गिटारखाली पूर्ण दडला तरी त्यांच्या मनात ती ओळ स्पष्टच ऐकू येते. तुम्हाला शब्द माहीत नाहीत. म्हणून गीताचा कागद त्यांनी आधी पाठवला तरी उघडू नका. फोन बाजूला ठेवा, मधे थांबवू नका, काही लिहू नका. गाणं संपल्यावर लगेच तीन गोष्टी टिपा: कुठली ओळ कळलीच नाही, लक्ष कुठे भरकटलं आणि संपल्यावर डोक्यात काय राहिलं. चाल राहिली का? एखादा शब्द? की नुसता ड्रमचा ठोका? ध्रुवपद यायला दीड मिनिट लागलं आणि तोवर तुमचं मन दुसरीकडे गेलं, तर ही बातमी बँडला कुठलाही तज्ज्ञ देऊ शकणार नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मग मिनिट-सेकंद लिहीत चला.

कशावर ऐकता यालाही महत्त्व आहे. फोनच्या स्पीकरला खालचे स्वर वाजवताच येत नाहीत. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो, तो तिथे पोचतच नाही. फोनवर ऐकून ‘बेस कमी आहे’ असं कळवलं, तर बँड बेस वाढवेल आणि गाडीतल्या स्पीकरवर सगळं गाणं घुमायला लागेल. निदान बऱ्यापैकी हेडफोनवर एकदा आणि फोनवर एकदा ऐका, आणि कुठलं निरीक्षण कशावरचं आहे हे लिहा. आवाजाची पातळीही कानाला फसवते. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू असताना माणसाचा कान खर्जाला बराच कमी दाद देतो, मधल्या स्वरांना जास्त. त्यामुळे रात्री घरचे झोपल्यावर अगदी हळू ऐकलं तर बेस नेहमीच कमी वाटणार. दोन आवृत्त्यांची तुलना करताना एक-दोन डेसिबलनं मोठी असलेली आवृत्ती जवळजवळ हटकून चांगली वाटते. म्हणून आधी दोन्हींचा आवाज समान करायचा, मगच कुठली सरस ते ठरवायचं.

आता मुख्य गोष्ट. गाणं थरांनी बनतं. सगळ्यांत खाली रचना: चाल, शब्द, लय, कुठलं वाद्य कधी येतं. त्यावर वादन आणि गायन. त्यावर रेकॉर्डिंग: खोली, माइक, केबल. सगळ्यांत वर मिक्स. दोष जिथे ऐकू येतो तिथेच जन्मलेला असतो असं नाही, आणि बहुतेक अभिप्राय फसतात ते इथे. दुसऱ्या कडव्यात ‘गर्दी वाटते’ अशी तक्रार ऐकली की मिक्स करणारा मुलगा इक्वलायझर घेऊन बसतो. खरी गोष्ट अशी असते की गिटार आणि कीबोर्ड दोन्ही एकाच सप्तकात, गायिकेच्या स्वरांच्याच पट्ट्यात, न थांबता वाजताहेत. तिथे एका वाद्यानं गप्प बसणं हा उपाय आहे; तो फुकटचा आहे आणि कुठल्याही प्लगइनपेक्षा चांगला आहे. खालच्या थराचा दोष वरच्या थरात झाकायला गेलं की तो झाकला जात नाही, आणि गाणं मात्र थकतं. तेव्हा ऐकताना प्रत्येक तक्रारीला स्वतःशी विचारा, ही कितव्या थराची? आणि कळवताना खालून सुरुवात करा. रचना बदलायची असेल तर मिक्सबद्दलच्या बाकी सगळ्या सूचना आज रद्दच समजा.

वादनाच्या थरावर एक भेद ओळखता आला तर बँडचे कित्येक तास वाचतात. समजा, गिटार ड्रम्सच्या मागे पडतंय. ते कधी मागे, कधी पुढे, कधी बरोबर असं आहे का, की पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच मागे आहे? दर मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते. गिटार प्रत्येक मात्रेला तीसेक मिलिसेकंद उशिरा येत असेल, तर बहुधा दोष वाजवणाऱ्याचा नाही. गिटारचा आवाज इंटरफेसमधून लॅपटॉपमध्ये जाऊन सॉफ्टवेअरमध्ये नोंदला जाईपर्यंत जो विलंब होतो, त्याची भरपाई सेटिंगमध्ये केलेली नाही. तो ट्रॅक तेवढाच पुढे सरकवला की काम झालं. उलट, विलंब कमी-जास्त होत असेल, विशेषतः कडव्यातून ध्रुवपदात शिरताना लय चढत असेल, तर तो रियाजाचा प्रश्न आहे. तिथे ट्रॅक सरकवत बसण्यापेक्षा त्या जागेची तालीम करून पुन्हा वाजवणं कमी वेळात होतं. ‘गिटार ढिलं आहे’ एवढंच लिहिलं तर या दोहोंतलं नेमकं काय, हे त्यांना कळणार नाही, आणि बिचारा गिटारवाला विनाकारण स्वतःला दोष देत बसेल.

सुराचंही तसंच. संपूर्ण गाणंभर गायिका किंचित खाली लागत असेल, तर तिच्या हेडफोनमध्ये तिला काय ऐकू येत होतं हे आधी विचारा. साथ फार मोठ्यानं आणि स्वतःचा आवाज फार हळू येत असला, की चांगली तयार गायिकाही कणसूर होते. एका कानावरचा हेडफोन थोडा सरकवून गायला सांगितलं तरी पुष्कळदा सूर जागेवर येतो. एकाच स्वरावर, तार सप्तकातल्या एखाद्या टोकावर ती दर वेळी घसरत असेल, तर गाण्याची पट्टी तिच्यासाठी उंच आहे. एक स्वर खाली उतरवून बघायला हरकत नाही. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ पासून उपलब्ध आहे आणि ते वापरण्यात काही पाप नाही. पण आपल्या गळ्यातली मींड आणि मुरकी त्याला चूक वाटते. दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की सरकत जाणाऱ्या मींडेच्या पायऱ्या होतात. मराठी गाण्यात हे झालेलं ऐकू आलं, तर ती जागा सेकंदासह जरूर दाखवा, कारण ज्यानं दुरुस्ती केली त्याच्या कानाला तोवर त्याची सवय झालेली असते.

घरच्या रेकॉर्डिंगचे खास स्वतःचे दोष असतात ते खोलीचे. इथे थोडं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. दहा बाय दहाची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींत साधारण ३.०५ मीटर अंतर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्या अंतरात जिची अर्धी लांबी बरोबर बसते ती लहर ५६ हर्ट्झच्या आसपासची, आणि बेस गिटारची ‘ए’ची मोकळी तार वाजते ५५ हर्ट्झवर. म्हणजे त्या खोलीत ॲम्प्लिफायर ठेवून त्यापुढे माइक लावला, तर इतर स्वर नीट येतील आणि तो एकच स्वर घुमेल. खोली चौरस असल्यामुळे दुसऱ्या दोन भिंतीही त्यात भर घालतात. ऐकणाऱ्यानं ‘बेसचा एकच स्वर उडी मारतो’ असं लिहिलं की जाणकाराला कारण लगेच कळतं आणि उपायही सोपा आहे: बेस माइकनं न घेता केबलनं थेट इंटरफेसमध्ये घ्यायचा. पण गंमत पुढे आहे. त्याच खोलीच्या बरोबर मधोमध बसून स्पीकरवर मिक्स करणाऱ्याला तो स्वर उलट दबलेला ऐकू येतो, कारण त्या लहरीचा दाब मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तो बिचारा स्वर वाढवतो आणि जगात इतरत्र सगळीकडे तो घुमतो. घरातल्या मिक्सला बाहेरचा कान लागतो याचं याहून ठोस कारण मला देता येणार नाही. तुमची खोली वेगळी आहे, एवढ्यानंच तुमचं ऐकणं त्यांच्या कामाचं ठरतं.

आवाज ‘डब्यातून आल्यासारखा’ वाटतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. उघड्या भिंती आणि फरशीवरून परतलेला आवाज काही मिलिसेकंदांनी माइकवर येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. मिक्समध्ये तो नंतर पुरता काढता येत नाही. गायिकेच्या मागे आणि बाजूंना जाड रजया नाहीतर गोधड्या टांगायच्या, किंवा कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून तिला उभं करायचं, म्हणजे तिच्यामागून माइकमध्ये शिरणारे पडसाद विरतात. बाजारातल्या पातळ फोमच्या तुकड्यांपेक्षा मला यांचा भरवसा जास्त वाटतो, कारण पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो आणि आवाज नुसताच मंद होतो. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवायची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी; त्यानं बाहेरचा आवाज अडत नाही, आतला फारसा शोषला जात नाही, आणि आगीचा धोका तेवढा वाढतो.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. पंख्याची घरघर शांत जागांत ऐकू येते, आणि कंप्रेसर लावल्यावर तर जास्तच. वायरिंगची गुणगुण ५० हर्ट्झला आणि तिच्या पटीत असते. माइकच्या फार जवळ गायलं की खर्ज फुगतो, आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत पडद्यावर आदळून धप्प असा आवाज येतो. माइक तोंडासमोरून जरा बाजूला घेतला, पुढे जाळी लावली की तो जातो. ‘स’, ‘श’ आणि ‘चोर’मधला दंत्य ‘च’ टोचत असेल तर कुठल्या शब्दाला टोचतो ते लिहा. ‘एस फार येतोय’ असं मोघम कळवलं की संपूर्ण ट्रॅकवर डी-एसर चढवला जातो आणि गायिका बोबडी वाटायला लागते.

एक दोष मात्र असा आहे की बँडला तो हेडफोनवर कधीच सापडत नाही. अकूस्टिक गिटारला किंवा ढोलकीला दोन माइक लावले आणि एका माइकपर्यंतचं अंतर दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटरनं जास्त असलं, तर आवाज तिथे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. डाव्या-उजव्या कानांत वेगळे ऐकताना हे रुंद आणि छान वाटतं. पण दोन्ही ट्रॅक एकाच स्पीकरमधून एकत्र वाजले की एक हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खोडून काढतात आणि ढोलकीचा जीव जातो. एक स्पीकरवाल्या साध्या फोनवर, छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं वाजवून बघा. एखादं वाद्य तिथे एकदम पोकळ झालं किंवा गायब झालं, तर ही बातमी ताबडतोब कळवा.

मिक्सबद्दल बोलताना एक घरगुती राजकारण लक्षात ठेवावं लागतं. चौघांपैकी प्रत्येकाला आपलं वाद्य कमी ऐकू येतं. प्रत्येकाचं थोडं थोडं वाढवत गेलं की शेवटी सगळंच मोठं होतं, मीटर लाल होतो, वर लिमिटर बसवला जातो आणि गाण्यातले चढउतार चपटे होतात. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी साधारण −१४ एलयूएफएस या पातळीच्या आसपास आणून वाजवतं, त्यामुळे असं दामटून मोठं केलेलं गाणं तिथे पुन्हा हळूच केलं जातं. गेलेला जीव मात्र परत येत नाही. त्यांपैकी एखादा मित्र तुम्हाला खासगीत म्हणेल, ‘सांग ना त्यांना, सोलो वाढवायला.’ ती वकिली घेऊ नका. काय वाढवायचं यापेक्षा काय कमी करायचं हे सांगणारा माणूस त्या खोलीत नसतो, ते तुम्ही सांगा.

आणि कसं सांगायचं? आपल्याकडे बैठकीत दाद देण्याची जी रीत आहे, तिच्याइतका चांगला नमुना मला दुसरा दिसत नाही. जाणकार श्रोता गाणं संपल्यावर सरसकट ‘छान’ म्हणत नाही. ती जागा येते, गवई समेवर नेमका उतरतो आणि त्याच क्षणी दाद जाते. गाणाऱ्याला कळतं की हे पोचलं. रेकॉर्डिंगवर लिहिताना मिनिट-सेकंद टाकायचे ते याचसाठी, आणि कौतुकालाही टाकायचे. ‘१:४२ ला गिटार थांबतं आणि फक्त आवाज राहतो, तिथे अंगावर काटा आला’ असं लिहिलंत, तर पुढच्या दुरुस्तीत ती शांतता वाचेल. नाही लिहिलंत, तर तिथे काहीतरी रिकामं आहे असं समजून कुणीतरी कीबोर्ड भरून टाकेल. कौतुक हे कडू गोळीवरचं साखरेचं आवरण म्हणून द्यायचं नसतं. काय हलवू नये याची ती खूण असते.

दोष लिहिताना आधी काय ऐकू आलं, मग त्याचा परिणाम, आणि सर्वांत शेवटी, खात्री असली तरच, कारण. ‘०:५५ पासून दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळी मला कळल्या नाहीत, गिटार त्याच पट्ट्यात वाजतंय म्हणून असेल का?’ हे वाक्य बघा. ओळी कळल्या नाहीत, यावर कुणी वाद घालू शकत नाही. ते तुमच्याच कानांना घडलंय. कारण चुकीचं निघालं तरी बँड स्वतः खरं शोधेल. ‘गिटार तीन डेसिबल कमी करा’ असा हुकूम दिला, तर ते तेवढं करून मोकळे होतील आणि ओळी तरीही कळणार नाहीत. सूचना मोजक्या ठेवा. चाळीस नोंदी असलेला अभिप्राय कितीही अचूक असला तरी त्यानं हौशी बँड मोडतो. आठवडाभर नोकरी-कॉलेज करून रविवारी तीन तास मिळणाऱ्या माणसांना त्यातून काय निवडावं ते कळत नाही. ती निवड तुम्हीच करा. सर्वांत मोठ्या दोन-तीन गोष्टी आधी, बाकीच्या त्यांनी मागितल्या तर.

एखाद्या व्यक्तीचा दोष ग्रुपवर लिहू नये, तिला एकटीला सांगावा. गायिकेच्या बाबतीत तर नक्कीच. गिटार बेसूर आहे म्हटलं की तार बदलता येते. आवाजाबद्दल बोललेलं थेट माणसाला लागतं. तुम्हाला तो संगीतप्रकारच आवडत नसेल, तर पहिल्याच ओळीत तसं लिहा, म्हणजे पुढचं वाचताना ते त्याचा हिशेब धरतील.

कधी कधी योग्य अभिप्राय असा असतो की आता याला हात लावू नका. स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये घरी केलेली ती कॅसेट खरं तर बँडला गाणी शिकवण्यापुरती होती. पुढे त्यांनी संपूर्ण ई स्ट्रीट बँडला घेऊन स्टुडिओत त्याच गाण्यांवर मेहनत घेतली. आवाज स्वच्छ झाला, वाद्यं वाढली, आणि गाण्यांतला एकटेपणा गेला. शेवटी खिशातून फिरलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून प्रसिद्ध करायचं ठरलं. तिच्यावरून रेकॉर्डची तबकडी कापण्यासाठी तंत्रज्ञांना बरीच खटपट करावी लागली, पण ३० सप्टेंबर १९८२ ला ‘नेब्रास्का’ आला तो त्याच खरखरीसकट. त्यातला तांत्रिक दोष सगळ्यांना ऐकू येत होता. त्या दोषाच्या किमतीत काय मिळतंय, हे ऐकणारे कान मात्र तिथे होते. तुमच्याकडे आलेल्या फाइलमध्येही असा एखादा टेक असू शकतो: मागे कुकरची शिट्टी आहे, एक स्वर जरा निसटलाय, पण गायिका त्या वेळी खरोखर त्या गाण्यात होती. नंतरचे स्वच्छ टेक ऐकून तुम्हाला पहिलाच आठवत असेल, तर तसं ठामपणे सांगा.

दुसरी आवृत्ती आली की आधीची आणि ही, दोन्ही समान आवाजात लावून ऐका, आणि मागच्या वेळी तुम्ही जे म्हणाला होतात तेवढंच तपासा. नवी यादी काढू नका. सुधारलं असेल तर सुधारलं म्हणा. बिघडलं असेल, तर पहिलंच बरं होतं हेही म्हणा. तिसऱ्या फेरीनंतर तुमचाही कान त्यांच्याइतकाच सरावलेला असतो, शब्द तुम्हालाही पाठ झालेले असतात. तिथून पुढे त्यांनी दुसरा कुणीतरी गाठावा, असं सरळ सुचवा.

आणि उत्तर लवकर द्या. घरच्या रेकॉर्डिंगची मांडामांड फार दिवस टिकत नाही. माइक मित्राचा असतो, तो परत जातो. गोधड्या पुन्हा पलंगावर येतात. गिटारच्या तारा बदलल्या की जुना टोन परत मिळत नाही. परीक्षा येतात, बदल्या होतात. महिन्याभरानं आलेला उत्तम अभिप्राय अशा वेळी कुणाच्याच उपयोगाचा नसतो. तेव्हा कुणाचं गाणं तुमच्या फोनवर येऊन पडलं असेल तर आज रात्री हेडफोन लावून ते पूर्ण ऐका आणि येत्या रविवारच्या आत त्यांना लिहा.